बांगड्यांचे कमळ आणि महाराजांचा तळहात

सीना नदीच्या काठी उंबरगव्हाण नावाचे गाव. वेशीबाहेर येमाईचे दगडी देऊळ, आणि त्या देवळाच्या ओवरीत श्रीसावळोबा महाराजांचे वास्तव्य. महाराज कुठून आले, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि विचारले असते तरी त्यांनी सांगितले नसते. अंगावर एक घोंगडी, पाय अनवाणी, आणि कोणी भाकरी आणून दिली की तिचा पहिला चतकोर कुत्र्याला. साता समुद्रापलीकडे साहेबाची मोठी लढाई पेटली होती, त्या दिवसांतली ही लीला आहे. भाविकांनी ती मन लावून ऐकावी. मन लागत नसेल तर नुसते हात जोडून बसावे, तेवढेही महाराजांना चालत असे.

उंबरगव्हाणचे तरणेताठे गडी पलटणीत भरती होऊन त्या लढाईवर गेले होते. मागे राहिल्या त्या त्यांच्या बायका. टपालवाला नदी उतरताना दिसला की घराघरांतली जाती थांबत. तो दुसऱ्याच्या दाराकडे वळला की बाईला सुटल्यासारखे वाटे, आणि तसे वाटल्याची लगेच लाजही वाटे. अशी काळजी गावावर धुरासारखी पसरून राहिली होती. हसणाऱ्या पोराला आई उगाच दटावी आणि मग त्यालाच जवळ घेई.

गावात ठकूबाई नावाची एक विधवा कासारीण होती. दारोदार फिरून बांगड्या भरणे हा तिचा धंदा. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या लाखेचे चुडे होत आणि त्यांवर काचेचे चांदे, म्हणजे चकचकीत गोल तुकडे, बसवले जात, म्हणून लाख आणि काच यांचे नाते तिला चांगले ठाऊक होते. बांगडी फुटली असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. आणि नवरा लढाईवर असताना बांगडी वाढली म्हणजे त्या बाईच्या काळजाचा ठोकाच चुकायचा. जुन्या बांगड्या वाढवून नव्या भरताना बायकांचे डोळे भरून येत आणि ते तुकडे उकिरड्यावर टाकायला कोणाचाच हात धजत नसे. "ठकूबाई, तूच ने गं," असे म्हणून त्या काचा तिच्या पाटीत पडत. ठकूबाईच्या घरात अशा काचांचे गाठोडे साठले. कोणती काच कोणाची, हे ती रंग पाहून सांगू शके.

एके दिवशी ती महाराजांपुढे येऊन बसली.

"महाराज, ह्या काचा टाकवत न्हाईत आन् घरात ठेववत न्हाईत. आईच्या मागल्या भिंतीवर ह्यांचं एक कमळ करू का? एकेका बाईची एकेक पाकळी. आईच्या पाठीशी ऱ्हायल्या म्हंजे त्यांचे धनी बी तिच्या पाठीशी ऱ्हातील."

महाराज म्हणाले, "कर की. आईला काय, तिच्या लेकींच्याच काचा त्या. पण ठकू, भिंत बघून चिकटव."

ठकूबाईने "कर की" एवढेच ऐकले. भक्ताचे कान असेच असतात, हवे तेवढे घेतात आणि उरलेले वाऱ्यावर सोडतात.

आता गावात शिवराम गवंडी म्हणून एक मोठा कारागीर होता. देवळाचा सभामंडप त्यानेच बांधलेला. बेलफळाचे पाणी आणि गूळ घालून त्याने मळलेला चुना असा काही धरे की पहार वाकेल पण सांधा सुटणार नाही. त्या चुन्याचा त्याला फार ताठा होता. ठकूबाई शेगडीवर लाख वितळवून गाभाऱ्याच्या भिंतीवर काचा लावते आहे, हे कळताच तो दारात येऊन उभा राहिला.

"भिंतीला बांगड्या भरायला निघालीस व्हय गं ठके? उद्या शिखराला नथ घालशील!"

बरोबरची माणसे हसली. ठकूबाई खाली मान घालून म्हणाली, "शिवरामदादा, काच लाखेलाच बसती. आमच्यात असंच करत्यात."

"तुमच्यात चुडा करत्यात. ही भिंत हाय. आन् सवाष्णींच्या काचांना तुझा हात कशाला? चैत्र येऊ दे, मग बघू तुझी लाख."

हा शेवटचा घाव तिला लागला. तरी ती उठली नाही. शिवरामला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. त्याची स्वतःची लेक द्वारकी, जावई गेणू लढाईवर गेल्यापासून माहेरीच होती, आणि तिने बापाच्या चोरून आपली हिरवी काच ठकूबाईला दिली होती. त्या काचेवर सोन्याचा बारीक ठिपका होता. गेणूने जायच्या आधी जत्रेत हौसेने भरवलेल्या बांगड्यांतली ती. ठकूबाईने ती मधोमध, थेट आईच्या मस्तकाच्या वर बसवली.

फाल्गुनात कमळ पुरे झाले. समईच्या उजेडात लाल, निळ्या, जांभळ्या पाकळ्या झळाळू लागल्या. बायका रोज येत, आधी आईला हात जोडत आणि मग हळूच मान वर करून आपापली काच पाहत. आहे ना जागेवर? आहे. मग त्यांना त्या दिवशी भाकरी गोड लागे.

चैत्र आला. उन्हाने दगड तापू लागले. येमाईची यात्रा चैत्री पुनवेची, त्यामुळे पंधरवडाभर आधीपासून नवसाच्या समया आणि मोठा नंदादीप गाभाऱ्यात अखंड तेवू लागला, आणि तो नेमका त्या भिंतीच्या पायाशीच. एका सकाळी द्वारकी दर्शनाला आली, हात जोडले, मान वर केली आणि तिथेच खाली बसली. मधली जागा रिकामी होती.

हिरवी काच पडली होती. ठकूबाईने गाभारा हाताने चाचपून पाहिला, निर्माल्य उपसून पाहिले, अभिषेकाचे पाणी जाते त्या पन्हळीत बोटे घालून पाहिली. काच मिळाली नाही. द्वारकीने घरी काच पडल्याचे लपवले. बाप काय म्हणेल, या भीतीपेक्षा मोठी भीती तिला वाटत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तालुक्याहून तार आली. शिवराम गवंड्याच्या दारापाशी टपालवाला थांबला तेव्हा आसपासची सारी जाती थांबलेली होती. गेणू लढाईत बेपत्ता झाला होता. जिवंत आहे की नाही, हे सरकारलाही ठाऊक नव्हते.

द्वारकी कपाळाच्या कुंकवावर हात दाबून म्हणाली, "आबा, ती मधली हिरवी काच माझी होती."

शिवरामने तार घडी घालून पागोट्यात खोवली. इकडे गाव बोलू लागले. आज एक काच पडली, उद्या दुसरी पडेल. विधवेच्या हाताने हे काम करून घेतले तेव्हाच कोणाच्या लक्षात कसे आले नाही? आणि खरोखरच दुसरी काच घसरली, मग तिसरी. ठकूबाईला पाणवठ्यावर कोणी बोलेना. तिने लाखेची शेगडी पुन्हा पेटवली, पडलेल्या काचा पुन्हा लावल्या. संध्याकाळी नवसाच्या आणखी समया लागल्या की लाख मऊ पडे आणि काचा पुन्हा खाली. रोज देवळाची पायरी चढताना ती आधी फरशीकडे पाही. आज कोणाचे कुंकू जमिनीवर पडलेले दिसेल, हाच एक विचार.

महाराज त्या वेळी नदीपलीकडच्या वस्तीवर गेले होते. ते नसले की गावात शहाण्यांना ऊत येई. सुतार म्हणाला, सरस लावा, माझे पाट बघा कसे घट्ट बसतात. गुरवाने कानांवर हात ठेवले. कातड्याचा सरस आणि गाभाऱ्यात? वाण्याने बाभळीचा डिंक पाठवून दिला. तो सकाळी लावला आणि अभिषेकाच्या पाण्याने दुपारपर्यंत विरघळून गेला. जो तो आपलीच मोळी कोरडी म्हणणार, अशातली गत. ज्याच्या घरात जे, तोच त्याचा उपाय.

शेवटी शिवराम स्वतः आला. चेहरा उतरलेला, पण मान ताठच. "बाजूला हो," एवढेच ठकूबाईला म्हणाला. त्याने आपला जुना मुरलेला चुना आणला, भिंत ओली करून थापली आणि पडलेल्या काचांची लाख खरवडून त्या त्यात दाबून बसवल्या. चुना वाळला. दुसऱ्या दिवशी गुरवाने सहज कापडाने पुसले, तर काचा टपकन हातात आल्या. मागे चुन्याचा कणही चिकटला नव्हता, नुसती लख्ख काच. शिवराम ती काच उलटसुलट करून कितीतरी वेळ पाहत राहिला. जन्मभरात त्याच्या चुन्याने कशाला नाही म्हटले नव्हते.

असा यात्रेचा दिवस उजाडला. चैत्री पुनव. गाभाऱ्यात नवसाच्या समयांची दाटी, दारात माणसांची दाटी, आणि बाहेर ऊन असे की नदीची वाळू पायाला चटके देत होती. सीना तर पार आटली होती. दुपारची आरती सुरू झाली आणि कोणीतरी किंचाळले. कमळ हलत होते. एखाद-दुसरी पाकळी नव्हे, सगळेच्या सगळे कमळ मऊ पडलेल्या लाखेवरून हळूहळू खाली सरकू लागले होते.

आरती थांबली. बायका आत घुसल्या. एकीने पदर पसरला, दुसरीने भिंतीकडे हात नेले, पण लावायची हिंमत होईना. हात लावावा आणि त्यानेच काच पडली तर? शिवराम छिन्नी घेऊन पुढे आला. त्याचे डोळे तांबारले होते.

"एकेक पडून गावाचा जीव घेण्यापरीस म्या सगळंच खरवडून टाकतो."

"न्हाई!" बायका आडव्या झाल्या. "दादा, आमच्या काचांना छिन्नी लावू नगा."

ठकूबाई उंबऱ्यावर डोके आपटीत होती. "महाराज, म्या केलं. माझं काय व्हायचं ते होऊ द्या. ह्यांच्या कपाळाला धक्का लावू नगा. धावा महाराज!"

आणि काय सांगावे! घोंगडी सावरीत महाराज गर्दीतून आत येत होते. नदीपलीकडून तापल्या वाळूतून अनवाणी आले होते. ते थेट भिंतीपाशी गेले आणि त्यांनी आपला उजवा तळहात कमळाच्या मधोमध, त्या रिकाम्या जागेवर ठेवला.

सरकणारे कमळ जागच्या जागी थांबले.

महाराज म्हणाले, "आधी दिवे पुढं घ्या. आईला उजेड लागतो, झळ लागत न्हाई."

गुरवाने धावत समया दूर नेल्या. महाराजांनी ठकूबाईकडे पाहिले. "चुडा बाईच्या हातावर असतो. विस्तवाजवळ गेला तर बाई हात मागं घेते. भिंतीला हात मागं घेता येतो का, ठकू?"

"चुकले, महाराज."

"आणि शिवराम, तुझा चुना खडबडीत दगड धरतो, ईट धरतो. ही काच गुळगुळीत. तो धरील तरी कशाला?"

शिवरामची छिन्नी खाली गेली. "मग ह्ये कशानं धरंल, महाराज?"

महाराजांनी पायाने जमिनीवरचा एक तुकडा पुढे सारला. सकाळी पडलेली निळी काच होती. तिच्या पाठीवरची मऊ लाख शिवरामच्या हातून सांडलेल्या विटांच्या भुकटीत, म्हणजे सुरखीत, लोळून खरखरीत झाली होती. "ही बसव बघू."

शिवरामने ती उचलली, उरलेला चुना ओला करून त्यात दाबली, आणि मग ओढून पाहिली. निघेना. जोर लावला. तरी निघेना. काचेला लाखेने धरले होते, लाखेला सुरखीने आणि सुरखीला चुन्याने.

"एकट्यानं कोणीच धरत नसतं," महाराज म्हणाले. "लागा कामाला. माझा हात काय जन्मभर इथं ठेवायचा आहे?"

मग त्या गाभाऱ्यात जे काम चालले ते पाहणाऱ्यांनी आपल्या नातवंडांना सांगितले. ठकूबाई शेगडी फुंकीत बसली. एकेक पाकळी काढायची, पाठीला लाखेचा पातळ हात द्यायचा, गरम असतानाच सुरखीत लोळवायची आणि शिवरामच्या हातात द्यायची. शिवराम ती चुन्यात बसवी. दोघे एकमेकांकडे पाहतही नव्हते, पण हातांना हात लागत होते. कडेपासून सुरुवात करून ते मधाकडे येत गेले. सगळ्यांच्या नजरा महाराजांच्या हातावर. तो निसटला तर? घोंगडीखाली महाराजांचे सारे अंग थरथरत होते, कपाळावरून घाम गळत होता, ओठ पांढरे पडले होते. एका तळहाताने काचा धरण्याचे कष्ट इतके का व्हावेत, हे कोणाला उमगेना. एकदा तर ते कोणाला तरी दरडावल्यासारखे म्हणाले, "आधी तुम्ही निघा. मी धरलंय." गाभाऱ्यातली माणसे गोंधळून मागे सरली.

दिवेलागणीला शेवटची पाकळी बसली तेव्हा महाराजांनी हात काढला. कमळ भिंतीवर अढळ होते, मधल्या एका रिकाम्या जागेपुरते उणे. ठकूबाईने पाणी आणले आणि महाराजांचा तळहात पाहून ती घाबरली. हाताला चुना नव्हता, लाख नव्हती. कोपरापर्यंत काळा ओला चिखल होता आणि तळव्यात काच रुतून निघाल्यासारखी एक खोल जखम. चैत्राच्या उन्हात, नदी आटलेली असताना, हा चिखल कुठला? महाराज हात धुऊन मोकळे झाले.

शिवराम दुसरी एक हिरवी काच घेऊन पुढे आला. "एवढी लावतो, महाराज. मग पुरं झालं."

"राहू दे ती जागा," महाराज म्हणाले. "ज्याची आहे तो आणील."

द्वारकीने हे ऐकले. त्या दिवसापासून कोणी काही सांगो, तिने कुंकू पुसले नाही. पण वाट पाहणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिली त्यालाच ठाऊक. पावसाळा गेला, दिवाळी गेली. शिवराम रोज देवळात येई, त्या रिकाम्या जागेकडे पाही आणि परत जाई. त्याच्या मनात एकच प्रश्न घुसळत असे. महाराज बोलले ते खरे, की लेकीचे रडे थांबावे म्हणून बोलले? असा प्रश्न पडतो याचीही त्याला भीती वाटे.

मार्गशीर्षात एका दुपारी वेशीत बैलगाडी थांबली. काठी टेकीत एक हडकलेला माणूस उतरला. गेणू होता. शत्रूच्या कैदेतून सुटून आला होता. सासऱ्याच्या ओसरीवर सारे गाव लोटले. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "पलटणीपासून तुटून, वाट चुकून आम्ही कैक दिवस एका पडक्या खंदकात अडकलो होतो. तो दिवस माझ्या ध्यानात हाय. चैत्री पुनव होती. आईची यात्रा म्हणून मी सोबत्यांना गुळाचा खडा वाटला होता. तेवढ्यात तोफेचा गोळा पडला आन् खंदकाची भिंत आमच्यावर यायला लागली. सगळा काळा चिखल. मेलो म्हणत होतो."

तो थांबला. द्वारकीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"एक म्हातारा कुठूनसा आला. अंगावर घोंगडी, पाय अनवाणी. त्यानं त्या भिंतीला हात लावला आन् भिंत थांबली. म्हणाला, 'आधी तुम्ही निघा. मी धरलंय.' मी शेवटाला निघालो. त्याच्या तळव्यात काय तरी रुतलेलं चमकलं म्हणून मी काढाया गेलो, तर ते माझ्या हातात आलं. मागं वळून बघतो तर म्हातारा न्हाई. भिंत खाली बसलेली. पुढं दुश्मनानं पकडलं, तरी त्ये मी सदऱ्यात शिवून ठेवलं."

त्याने सदऱ्याच्या काठाची शिवण दाताने उसवली आणि तळहात पुढे केला. हिरवी काच. सोन्याचा बारीक ठिपका असलेली.

शिवराम उठला. लोकांना वाटले, देवळाकडे जाईल. तो गेला ठकूबाईच्या दारी. ती पाटीत बांगड्या रचीत होती. गावात दुसऱ्या कोणापुढे न वाकलेल्या त्या माणसाने तिच्या उंबऱ्यावर डोके टेकले.

"ठकूबाई, शेगडी पेटव. एक काच बसवायची हाय. लाख तुझ्याच हातची लागंल."

ठकूबाईने काच घेतली, पाठीला लाख दिली, सुरखीत लोळवली. शिवरामने ती आईच्या मस्तकावरच्या जागेत बसवली. ती अशी बसली जणू पडलीच नव्हती.

त्या लढाईवरून सारेच परतले, असे मी सांगणार नाही. काहींच्या काचा कमळात राहिल्या आणि माणसे आली नाहीत. पण एकही पाकळी पुन्हा खाली पडली नाही. यात्रेच्या दिवशी उंबरगव्हाणच्या बायका पहिले हळदकुंकू त्या न आलेल्यांच्या पाकळ्यांना लावतात, मग बाकीच्यांना. हा पायंडा ठकूबाईने घालून दिलेला आहे.

गेणूची काच बसली त्या संध्याकाळी महाराज ओवरीत कुत्र्याला चतकोर घालीत बसले होते. उजव्या तळव्यावर जुन्या जखमेचा वण होता. शिवराम समोर आला आणि त्याने महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले. रडे आवरेना.

"महाराज, मी तिला हसलो. तुमच्यावर बी शंका घेतली. माझा चुना, माझा चुना करीत ऱ्हायलो."

महाराज म्हणाले, "अरे, चुना चांगलाच आहे तुझा. पण पाया पडायच्या आधी हात तरी धुवायचेस."

शिवराम ओशाळून हात मागे घेऊ लागला, तेव्हा महाराजांनी ते हात आपल्या पायांवरच धरून ठेवले. त्यांच्या काळ्या पावलांवर चुन्याची पांढरी बोटे उमटली. रात्री ठकूबाई पाय धुवायला पाणी घेऊन आली, तर महाराजांनी पाणी कुत्र्यापुढे ठेवायला सांगितले आणि ती बोटे तशीच राहू दिली.